सनद निलंबित झाली तर: आदेश मिळाल्यापासून पुन्हा वकीलपत्र दाखल करेपर्यंत

सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, निलंबनाचा आदेश हातात पडला की बहुतेक वकील पहिला फोन करतात तो अपील कोण लढवेल हे विचारायला. दुसरा फोन ज्युनियरला, "उद्याचा बोर्ड तेवढा बघून घे" म्हणून. पक्षकारांना फोन लावायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. मी साताऱ्याला वकिली करते. वकिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या शिस्तपालन समितीपुढे सहकाऱ्यांच्या बाजूने उभी राहिले आहे, तक्रारदारांच्या बाजूनेही. दोन्हीकडून पाहिल्यावर एक गोष्ट मला पक्की पटली आहे: परतीची तयारी आदेश आला त्याच आठवड्यात सुरू करायची असते, आणि तिची सुरुवात कपाटातल्या फायलींपासून होते. निलंबन संपलं तरी ज्यांचं काम पुन्हा उभं राहत नाही, त्यांचं गाडं बहुतेक वेळा इथेच अडलेलं असतं.

हे सगळं महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलच्या पटावर, म्हणजे वकिलांच्या नोंदणीच्या यादीत, असलेल्या वकिलांसाठी लिहिते आहे. कायदा आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम देशभर तेच असल्याने इतर राज्यांतही फार फरक पडणार नाही.

आधी आदेश कुणाचा आणि कसला ते बघा

ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली शिस्तपालन समिती चारपैकी एक गोष्ट करू शकते: तक्रार फेटाळणं, ताकीद देणं, ठरावीक मुदतीसाठी निलंबित करणं, किंवा पटावरून नाव काढणं. समिती तीन जणांची असते. दोघे कौन्सिलचे निवडून आलेले सदस्य, तिसरा बाहेरून घेतलेला अनुभवी वकील. पटावरून नाव काढलं असेल तर हा लेख तुमच्या फारसा कामाचा नाही. त्या शिक्षेला मुदत नसते, त्यामुळे ती आपोआप संपतही नाही. तिथे सगळी ताकद अपिलात लावावी लागते.

न्यायाधीश कोर्टात संतापले, "तुमची सनद काढून घेईन" म्हणाले, म्हणून सनद जात नाही. सुप्रीम कोर्ट बार असोसिएशनच्या प्रकरणात १९९८ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हे स्पष्ट केलं. अवमानाची शिक्षा म्हणून खुद्द सर्वोच्च न्यायालयालाही सनद निलंबित करता येत नाही, तो अधिकार बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीचा. एखादं न्यायालय अवमान करणाऱ्या वकिलाला स्वतःपुढे उभं राहायला मनाई करू शकतं, पण ती वेगळी गोष्ट आणि तिचा उपायही वेगळा. म्हणून कागद हातात घेऊन पहिल्यांदा बघा: कुणी दिला, कोणत्या कलमाखाली, किती मुदतीसाठी, मुदत कधीपासून, आणि खर्च किंवा इतर काही अट घातली आहे का. या पाच गोष्टी एका कोऱ्या कागदावर लिहून काढा. आदेश पाठ असल्यासारखा सांगणाऱ्या माणसाला मुदतीची सुरुवात विचारली की तो गोंधळतो, असं मी वारंवार पाहिलं आहे.

तक्रार अजून प्रलंबित असेल तर एक गैरसमज आताच दूर करते. तक्रारदाराशी तडजोड झाली, त्याने "मला चालवायचं नाही" असं लिहून दिलं, तरी तेवढ्या कारणावरून चौकशी बंद होत नाही. नियमांत तसं स्पष्ट लिहिलं आहे. तडजोड जरूर करा, पैसे द्यायचे असतील तर द्याच, कारण शिक्षा ठरवताना त्याचं वजन पडतं. पण पुढच्या तारखेला गैरहजर राहू नका. राज्य कौन्सिलकडे तक्रार वर्षभरात निकाली निघाली नाही तर कलम ३६-बी प्रमाणे ती दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. म्हणजे वेळ काढल्याने प्रकरण विझत नाही, लांबच्या गावी जातं.

साठ दिवस

राज्याच्या समितीच्या आदेशावर कलम ३७ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील होतं, आदेश कळवल्यापासून साठ दिवसांत. तिथेही विरोधात गेलं तर कलम ३८ खाली सर्वोच्च न्यायालयात, पुन्हा साठ दिवस. पुनर्विलोकनाची, म्हणजे त्याच समितीने स्वतःचा आदेश पुन्हा तपासण्याची, मुदतही साठच दिवसांची, पण कलम ४४ मध्ये ती आदेशाच्या तारखेपासून मोजतात. राज्याच्या समितीने पुनर्विलोकनात काही बदल केला तरी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्यतेशिवाय तो लागू होत नाही. टपालाचा लिफाफा जपून ठेवा, त्यावरचा शिक्का हाच तुमचा पुरावा.

अपील दाखल केलं म्हणजे आदेश थांबला असं नाही. कलम ४० खाली स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो. अपिलाची मुदत संपायच्या आत, अपील दाखल होण्याआधीही, आदेश देणाऱ्या समितीकडेच स्थगिती मागता येते. ही सोय फार कमी वकिलांना माहीत असते. स्थगितीचा लेखी आदेश हातात येईपर्यंत कोर्टात उभं राहू नका. "अपील टाकलंय" हे उत्तर नाही.

अपील करताना हेही लक्षात घ्या की वरची समिती शिक्षा बदलू शकते, वाढवूही शकते. वाढवण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं, इतकंच. म्हणून दोष अजिबातच मान्य नाही की दोष मान्य आहे पण शिक्षा जास्त आहे, हे आधी स्वतःशी ठरवा. दोन्ही एकाच वेळी जोरात मांडणारं अपील कमकुवत होतं. शिक्षेपुरतंच म्हणणं असेल तर पक्षकाराचं नुकसान भरून दिल्याचा कागद हाच सगळ्यात मोठा आधार. १९७९ च्या रंगदुराई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निलंबनाच्या जोडीला दोन गोष्टी पाहिल्या: पीडित पक्षकाराला पैसे मिळणं आणि वकिलाने विधी सहाय्य संस्थेत काम करणं. शिक्षेने माणूस सुधारावा आणि ज्याचं नुकसान झालं त्याला काही मिळावं, ही दृष्टी मला आजही योग्य वाटते.

काय बंद करायचं

कलम ३५(४) म्हणतं की निलंबनाच्या काळात भारतातल्या कोणत्याही न्यायालयात किंवा कोणत्याही प्राधिकरणापुढे वा व्यक्तीपुढे वकिली करता येणार नाही. तहसीलदारापुढची फेरफाराची तक्रार, सहकार न्यायालय, ग्राहक आयोग, कामगार आयुक्त, सगळं यात येतं. "कोर्टात जात नाही, घरी बसून नोटिसा आणि करारनामे करतो" ही पळवाटही उरलेली नाही. ए. के. बालाजी प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकिली म्हणजे फक्त कोर्टातली हजेरी नाही. कायदेशीर मत देणं, दस्त तयार करणं, कायद्याच्या चर्चेत पक्षकारासाठी बसणं हेही त्यात येतं. अधिकार नसताना वकिली केली तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. निलंबन संपायच्या आधीच दुसरी तक्रार येते ती बहुधा यातूनच.

ज्युनियरबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण यात एका तरुण माणसाचं करिअर पणाला लागतं. सिनियर निलंबित झाल्यावर ऑफिस तसंच चालू राहतं, पक्षकार तसेच येतात, फी तशीच घेतली जाते, फक्त सह्या ज्युनियरच्या होतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारसंहितेत नियम ३७ आहे. अनधिकृत वकिलीला मदत होईल अशा रीतीने आपलं नाव किंवा सेवा वापरू द्यायला त्यात मनाई आहे. म्हणजे दुसरी सनद ज्युनियरची जाते. त्याच्या जिवावर आपली वर्षं ढकलू नका. पक्षकाराला ज्युनियरकडे जायचं असेल तर तो ज्युनियरचा स्वतंत्र पक्षकार, त्याचं वकीलपत्र, त्याची फी, त्याचा निर्णय. आणि ज्युनियर मित्रमैत्रिणींनो, सिनियरला नाही म्हणणं जड जातं हे मला माहीत आहे, पण या बाबतीत म्हणा.

दारावरची पाटी, लेटरहेड, रबरी शिक्का, गाडीच्या काचेवरचं चिन्ह, व्हॉट्सॲपवरचं "ॲडव्होकेट" हे सगळं काढून टाका. नोटरी असाल तर त्या प्रमाणपत्राचं काय, हे त्या विभागाला लेखी विचारा. गृहीत धरून शिक्के मारत राहू नका. मूळ सनद तर द्यावीच लागते. कलम ४१ प्रमाणे निलंबनाची नोंद पटावर तुमच्या नावापुढे होते आणि सनद परत मागवली जाते. पत्र येण्याची वाट न पाहता स्पीड पोस्टाने पाठवा किंवा मुंबईला हायकोर्ट एक्स्टेन्शनमधल्या कार्यालयात नेऊन द्या आणि पोच घ्या. दोन्ही बाजूंची रंगीत झेरॉक्स आधी काढून ठेवा.

फायली

आता मुख्य काम. एक लांब रजिस्टर घ्या, साधं, हिशेबाचं. रकाने असे आखा: पक्षकाराचं नाव आणि फोन, कोर्ट, केस नंबर, पुढची तारीख, टप्पा, मूळ कागद आहेत का, जमा पैसे, काय केलं. डायरीवरून भरा, मग ईकोर्ट्सवर, म्हणजे न्यायालयांच्या प्रकरणांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर, वकिलाच्या नावाने शोधून ताळा घ्या. तिथे नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने चढलेलं असतं, आडनाव आधी, आडनाव नंतर, मधलं अक्षर गाळलेलं. तीन-चार प्रकारे शोधा. शेवटी कपाट उघडून एकेक फाईल हातात घ्या. डायरीतही नाही आणि ईकोर्ट्सवरही नाही अशी फाईल हमखास निघते. ती बहुधा दाखलच न केलेली असते, आणि तिची मुदत चालू असते. अशी फाईल निघाली तर त्याच दिवशी पक्षकाराला बोलवा.

रजिस्टर भरलं की तारखेप्रमाणे नाही, धोक्याप्रमाणे क्रम लावा. आधी मुदतीचे विषय: अपील, दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज), लेखी म्हणणं. मग मनाई हुकमाचे अर्ज, जामीन, पोटगी. मग पुराव्यावर असलेली प्रकरणं. नुसत्या तारखा पडणारी शेवटी.

प्रत्येक पक्षकाराला लेखी कळवा. फोन करा, पण फोनवर भागवू नका. पत्रात लपवाछपवी नको आणि रडगाणंही नको. मी देते तो मजकूर असा:

"आपला ........ न्यायालयातील दावा क्र. ........ यात मी आपला वकील म्हणून काम पाहत होतो. बार कौन्सिलच्या दि. ........ च्या आदेशाने माझी सनद दि. ........ पासून दि. ........ पर्यंत निलंबित झाली आहे. या काळात मला आपले काम पाहता येणार नाही. दाव्याची पुढील तारीख ........ असून त्या दिवशी ........ करणे आवश्यक आहे. कृपया तत्पूर्वी दुसरे वकील नेमावेत. आपली संपूर्ण फाईल व मूळ कागद आपण केव्हाही घेऊन जावेत. न झालेल्या कामाची फी रु. ........ सोबत परत करीत आहे."

"त्या दिवशी काय करणं आवश्यक आहे" ही ओळ कधीही गाळू नका. नवा वकील येईपर्यंत पक्षकाराच्या हातात तेवढीच वाट असते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना समोर बसवून वाचून दाखवा आणि घरातल्या कुणाला तरी सोबत बोलवा.

कोर्टात वकीलपत्र मागे घेतल्याची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, प्रत्येक प्रकरणात द्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे वकीलपत्र न्यायालयाच्या परवानगीने संपेपर्यंत चालू राहतं. पुरसीस दिली नाही तर रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, "वादीचे वकील गैरहजर" असं पडत राहतं आणि एक दिवस दावा काढून टाकला जातो. शक्यतो ही पुरसीस आणि दुसरा वकील नेमायला तुमची ना हरकत निलंबन लागू होण्याआधीच सही करून ठेवा. आदेश लगेच लागू झाला असेल तर पक्षकार स्वतः किंवा नवा वकील अर्ज करेल; तुमची ना हरकत मात्र तयार हवी.

फाईल अडवून ठेवू नका. "आधी माझी बाकी फी, मग कागद" हे कायद्याला मान्य नाही. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पक्षकाराच्या कागदांवर वकिलाला फीपोटी बोजा ठेवता येत नाही. त्या वकिलाचं म्हणणं होतं की बँकेकडून त्याची ९७ हजारांवर फी येणं आहे. फीसाठी त्याने दावा लावायला हवा होता; फायली ठेवल्या आणि गैरवर्तनाचा ठपका आला. बार कौन्सिल ऑफ इंडियाने दिलेलं अठरा महिन्यांचं निलंबन सर्वोच्च न्यायालयात ताकिदीवर आलं, पण कायदा तेव्हापासून पक्का झाला. निलंबित असताना कागद अडवले, तर परतीच्या वेळी तोच पक्षकार तुमच्या विरोधात उभा असेल.

कागद देताना पावती कशी घ्यायची ते एका प्रसंगावरून सांगते. एका तालुक्याच्या ठिकाणचे सहकारी, वर्षभराचं निलंबन. त्यांच्याकडे वाटपाच्या दाव्यातली एक आजी आली. पावतीवर "सर्व कागद मिळाले" एवढंच लिहून तिचा अंगठा घ्यायची तयारी चालली होती. मी थांबवलं. फाईल उघडली, टेबलावर कागद मांडले आणि एकेक लिहिलं: १९८४ चं मूळ खरेदीखत, पानं सहा, दुसऱ्या पानाचा कोपरा फाटलेला; सातबारा उतारे, नकला; फेरफार नोंद, प्रमाणित प्रत; मृत्यूचा दाखला, मूळ, लॅमिनेट केलेला; वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, झेरॉक्स. मूळ कोणता आणि झेरॉक्स कोणती हे प्रत्येकापुढे. तिच्या नातवाची सही साक्षीदार म्हणून, दोन प्रती, एक तिच्याकडे. तासभर गेला. पुढे तिच्या नव्या वकिलांनी मूळ मृत्युदाखला मिळालाच नाही म्हटलं, तेव्हा ती पावती काढून दाखवली आणि वाद तिथेच मिटला. दाखला नातवाच्या पिशवीत निघाला.

पैशांचा हिशेब याच पद्धतीने करा. आचारसंहितेत पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवणं हे कर्तव्य सांगितलं आहे, आणि काम सोडताना न झालेल्या कामाची फी परत करायलाही सांगितलं आहे. मोटार अपघाताची भरपाई, भूसंपादनाची रक्कम, पोटगीची थकबाकी असं काही तुमच्या खात्यातून गेलं असेल तर बँकेचा उतारा काढून त्या ओळीवर खूण करा आणि पक्षकाराला दिल्याचा पुरावा त्यालाच टाचून ठेवा. रोखीने परत करू नका. निलंबनच पैशांवरून झालं असेल तर हे काम सगळ्यात आधी.

मधला काळ

घर चालवायचं असतं. नोकरी करायला हरकत नाही, पण नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवा, आणि परतण्याआधी ती सोडल्याचा कागद, कार्यमुक्तीचं पत्र, हाताशी ठेवा. नोकरीच्या जागी "कायदेशीर सल्लागार" हे पद मात्र नको.

वाचन चालू ठेवा, विशेषतः ज्या कायद्यांत काम करता ते. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले, तेव्हा वर्षभर बाहेर असलेल्या माणसाला परतल्यावर कलमांचे आकडेच अनोळखी झाले होते. बार रूममध्ये जायला बंदी नसली तरी पहिले काही महिने जाऊ नका असं मी सांगते. तिथे पक्षकार येतात, कुणी सहज विचारतं, आणि उत्तर दिलं की मत दिल्यासारखं होतं.

परत येताना

स्वतःहून सनद स्थगित केलेल्यांसाठी नियम स्पष्ट आहेत. बार कौन्सिलच्या सचिवांकडे पुन्हा वकिली सुरू करण्याचा अर्ज द्यायचा, सोबत कलम २४-ए खालची, म्हणजे वकील म्हणून नोंदणीला आड येणारी, कोणतीही अपात्रता मधल्या काळात आली की नाही याचं प्रतिज्ञापत्र, आणि मग नोंदणी समिती नोंद करून सनद परत देते. शिक्षेचं निलंबन मुदत संपली की संपतं, तरी सनद कौन्सिलकडे असते. म्हणून मी त्याच धर्तीवर अर्ज करायला लावते, मुदत संपायच्या महिनाभर आधी. प्रतिज्ञापत्रात पटावरचा क्रमांक, आदेशाची तारीख, निलंबनाची सुरुवात आणि शेवट, अपिलाचा निकाल असेल तर तो, खर्चाची रक्कम भरल्याची पावती, या काळात कोणत्याही न्यायालयात वा प्राधिकरणापुढे काम केलं नाही हे विधान, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही हे विधान, आणि नोकरी केली असेल तर ती कधी धरली, कधी सोडली. जे घडलं ते लिहा. एखादा गुन्हा दाखल असेल तर तोही लिहा, कारण तो नंतर बाहेर आला तर लपवल्याचा आरोप वेगळा लागतो.

फायलींचं रजिस्टर आणि पावत्यांचा गठ्ठा अर्जासोबत द्यायची सक्ती नाही. पण कार्यालयात कुणी विचारलं, किंवा जुन्या पक्षकाराने हरकत घेतली, तर टेबलावर ठेवता यावा.

मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी लगेच वकीलपत्रावर सही करू नका. सनद किंवा कौन्सिलचं लेखी पत्र हातात येऊ द्या, त्याची प्रत स्थानिक बार असोसिएशनला आणि जिल्हा न्यायालयाच्या कार्यालयाला द्या, ईकोर्ट्सची नोंद तपासा, आणि मग कोट घाला. जुन्या वकीलपत्रांवर काम सुरू करायचं नाही. प्रत्येक प्रकरणात नवं वकीलपत्र, नवी तारीख, नवा वेल्फेअर स्टॅम्प (वकील कल्याण निधीचं तिकीट). जुना पक्षकार परत आला आणि त्याने मधल्या काळात दुसरा वकील नेमला असेल, तर नियम ३९ प्रमाणे आधी त्या वकिलाची संमती घ्या. ती मिळत नसेल तर कारण सांगून न्यायालयाची परवानगी मागा. ज्याने तुमच्या अडचणीत तुमच्या पक्षकाराला सांभाळलं त्याला डावलू नका, आणि त्याने केलेल्या कामाची फी पक्षकाराने दिली आहे की नाही हेही विचारा. "पुन्हा सेवेत" असे फलक, स्टेटस, पत्रकं काढू नका. नियम ३६ ला जाहिरात आणि कामाची याचना चालत नाही, आणि परतलेल्या वकिलावर सगळ्यांची नजर असते. दाराला नेहमीची छोटी पाटी पुरे.